लोणच्यावरचा दगड

आमच्या घरमालकांनी मला पहिल्यांदा विचारलं ते माझं नाव नव्हतं. त्यांनी विचारलं, हा डबा कोणाचा? त्यांच्या हातात लांब बांबूचा चिमटा होता आणि चिमट्यात आमच्या कचऱ्याच्या पिशवीतून काढलेला नारळाच्या दुधाचा रिकामा डबा. तो जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस होता. डब्यांचा दिवस वेगळा, काचेचा वेगळा. मी मान खाली घालून डबा परत घेतला आणि तो हातात धरून तिसऱ्या मजल्यावर चढून आले. वहिनी म्हणाली, "ओया-सान भेटले वाटते."

घरमालकाला जपानीत ओया-सान म्हणतात. त्यांचं खरं नाव भाडेकरारावर होतं, पण ते घेऊन त्यांना कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

हे कावासाकीतलं, नव्वदच्या दशकातलं. माझा दादा एका जपानी कंपनीच्या कंत्राटावर सॉफ्टवेअर इंजिनियर होता. सकाळी लवकर स्टेशन गाठायचा आणि आम्ही जेवून उठल्यावर यायचा. वहिनीला दिवस गेले होते, म्हणून मी बी.ए. आटपून तिच्या मदतीला गेले होते. मदत म्हणजे मुख्यतः कचरा टाकणं आणि कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, दूध आणणं, कारण स्वयंपाकाला वहिनी मला हात लावू देत नसे. पुण्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी घरापुरतं होतं, इंग्रजी पुस्तकातलं होतं, आणि जपानी तर नुकतंच सुरू केलं होतं. तिन्ही भाषांत गप्प बसणं मात्र मला उत्तम जमत होतं.

आमची इमारत टेकडीच्या उतारावर होती. खाली वळणाच्या कोपऱ्यावर सगळ्या गल्लीचा कचरा ठेवायची जागा होती: सिमेंटचा एक लहानसा चौथरा आणि त्यावर कावळ्यांपासून संरक्षण म्हणून हिरवी जाळी. ओया-सान रोज सकाळी तिथे हजर असत. डोक्यावर टोपी, हातांत पांढरे सुती हातमोजे, पाठ वाकलेली, नजर पिशव्यांवर. आयुष्यभर विजेच्या मोटरींची रेखाचित्रं काढण्यात गेलेला माणूस तो. चुकीची पिशवी त्यांना चुकीच्या रेषेसारखी टोचायची. ते मोठ्यानं ओरडायचे. जपानी माणूस रस्त्यात इतक्या मोठ्यानं बोलतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. शेजारच्या बायका "हो, हो" म्हणत वाकायच्या आणि पाठ वळली की एकमेकींकडे बघायच्या.

त्या बायकांशी बोलावं लागू नये म्हणून मी पिशवी ठेवून झाली की पश्चिमेकडे तोंड करून उभी राहायची. थंडीत, वारा वाहून गेल्यावर, दूरच्या दोन टेकड्यांमधल्या खाचेत फुजी दिसायचा. अगदी स्वच्छ, पांढरा. त्याच्याकडे बघणारीला कोणी हटकत नाही, सगळे तिला एक मिनिट देतात. ते मिनिट संपेपर्यंत बायका पांगलेल्या असत.

ओया-सान यांची दुसरी ख्याती म्हणजे रिकामा तुकडा. इमारतीच्या बाजूला खडी पसरलेली, दोर बांधलेली, चांगली तीन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा होती. त्या भागात गाडीला जागा मिळणं लग्नाला मुलगी मिळण्याहून अवघड होतं, असं दादा म्हणायचा. सगळे भाडेकरू त्या तुकड्याकडे बघून उसासे टाकायचे. दर रविवारी ओया-सान यांची मुलगी येऊन पार्किंगवरून त्यांच्याशी वाद घालायची. खिडक्या उघड्या असल्या की आम्हाला ऐकू यायचं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. ते म्हणायचे, जागा रिकामी नाही, तिथे भाडेकरू आहेत.

वहिनीला वाटायचं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मलाही तसंच वाटत होतं, ते वर येऊन आमच्या दारात उभे राहिले त्या दिवसापर्यंत. टोपी हातात घेतलेली. मला वाटलं पुन्हा डबा. ते हळू, तुकड्यातुकड्यांच्या इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या कचऱ्यात इंग्रजी फार असतं."

खरंच होतं. मी स्टेशनवर मिळणारं इंग्रजी वर्तमानपत्र आणायची, शब्दकोडी सोडवून टाकून द्यायची. ते त्यांनी पाहिलं होतं, आणि कोडी पूर्ण सोडवलेली असतात हेही पाहिलं होतं. त्यांच्याकडे एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातून एका जुन्या इंग्रजी लेखाची झेरॉक्स आली होती. ती वाचून समजावून सांगाल का, असं त्यांना विचारायचं होतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण नाही कसं म्हणायचं हे मला त्यांच्या भाषेत येत नव्हतं.

अशा रीतीनं मी दर बुधवारी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसू लागले. तिथे मला ते भाडेकरू भेटले.

आमच्या टेकडीवर पूर्वी एक दगडी थडगं होतं. मोठमोठ्या उभ्या शिळा, त्यांवर छतासारख्या आडव्या शिळा आणि वर मातीचा उंचवटा. आत कोण होतं ते कोणालाच माहीत नाही. दोनशे वर्षांपूर्वी गावोगाव हिंडून जुन्या वस्तूंची चित्रं काढणारा एक पंडित तिथे आला होता. त्यानं कुंचल्यानं काढलेल्या चित्राची प्रत ओया-सान यांच्या भिंतीवर होती. दगड किती मोठे हे कळावं म्हणून त्यानं थडग्याच्या तोंडाशी एक माणूस काढला होता. तो माणूस टोपी तोंडावर घेऊन झोपला होता. ओया-सान यांना तो झोपलेला माणूस फार आवडायचा. ते म्हणायचे, बघा, पाहुण्याला तिथे झोप लागली, म्हणजे भाडेकरू भल्या स्वभावाचे होते.

पुढे शंभरएक वर्षांनी एक इंग्रज आला. तो इथे शिकवायला आलेला आणि सुटीच्या दिवशी थडगी मोजत हिंडायचा. त्यानं आपल्या देशातल्या एका सभेच्या नियतकालिकात लेख लिहिला, त्याचीच ही झेरॉक्स: हे थडगं आमच्याकडच्या नवाश्मयुगातल्या थडग्यांच्याच जातीचं दिसतं. आजचे विद्वान ते मानत नाहीत. त्यांच्या मते आमच्या टेकडीवरचं थडगं बरंच अलीकडचं, लोखंड वापरात आल्यानंतरचं. ओया-सान यांना हे सगळं माहीत होतं, तरी ते इंग्रजाच्या बाजूनं होते. भाडेकरू जितके जुने तितका मान मोठा, असं त्यांचं म्हणणं.

आणि मग ओया-सान यांचे आजोबा. त्यांनी खाली रेल्वेचा बांध होत असताना थडगं फोडून दगड विकले. ओया-सान हे सांगताना आवाज खाली आणायचे. "आमच्या आजोबांनी पहिल्या भाडेकरूंना नोटीस न देता घराबाहेर काढलं," ते म्हणायचे. हे ते विनोदानं म्हणत नव्हते. म्हातारपणी आजोबांना दारात कोणीतरी उभं दिसायला लागलं, माझं घर कुठे म्हणून विचारणारं. मरताना त्यांनी मुलाला सांगितलं की वर्षातून दोनदा, दिवस-रात्र सारखे होतात त्या आठवड्यात, लोक आपापल्या पूर्वजांच्या थडग्यांवर जातात तेव्हा, त्या जागी जाऊन माफी मागायची. तो मुलगा, म्हणजे ओया-सान यांचे वडील, युद्धावर गेले ते परत आले नाहीत. ओया-सान तेव्हा लहान होते. शहरावर बाँब पडायला लागले तसं शाळेनं सगळ्या मुलांना खेड्यात नेऊन ठेवलं. परत आले तर टेकडी जळलेली. मग ती कापली गेली, नवे रस्ते आले. आजीला गोष्ट सगळी ठाऊक होती, पण ती अंथरुणावरून उठून जागा दाखवू शकत नव्हती.

म्हणून त्यांनी मोठेपणी जागा स्वतः शोधली. इंग्रजाच्या लेखातल्या मापांचा एक जपानी उतारा त्यांना मिळाला होता. टेकडीवरच्या देवळाच्या दारापासून किती अंतर, कोणत्या दिशेला. त्यांनी देवळाच्या दारापासून मोजलं आणि त्यांच्याच जमिनीच्या एका कोपऱ्यात येऊन पोचले. मग इमारत बांधली ती तो तुकडा सोडून. वर्षातून दोनदा ते तिथे भाताचा गोळा आणि साकेचा, तांदळाच्या दारूचा, पेला ठेवून गुडघ्यांवर बसत. हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पितृपक्षच की. फक्त दुसऱ्याच्या पितरांचा."

थडग्यातलं एकच काही उरलं होतं. ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होतं, लोणच्याच्या लाकडी पिंपावर. आजोबांनी छताच्या शिळेची एक चपटी कपची घरी आणली होती, का ते कोणाला ठाऊक नाही. पणजीनं ती उचलून मुळ्याच्या लोणच्यावर ठेवली, कारण इतका चांगला जड, सपाट दगड वाया कसा घालवायचा. घर जळलं तेव्हा दगड उरला. ओया-सान यांची बायको लोणचं काढण्यापूर्वी त्या दगडाला "जरा त्रास देते हं" म्हणायची. ती गेल्यावर ते स्वतः म्हणायला लागले. माझ्यासमोर म्हणताना ते कधी लाजले नाहीत. दर बुधवारी ते मला तांदळाच्या कोंड्यात मुरलेल्या पिवळ्या मुळ्याचे तुकडे कागदात बांधून द्यायचे. वहिनीला त्याचे डोहाळे लागले होते. पोह्यांबरोबर, वरणभाताबरोबर, नुसते, कसेही. बुधवारी मी दार उघडलं की ती आधी माझ्या हातांकडे बघायची.

वाचन सावकाश चालायचं. मी एक वाक्य वाचायची, मग माझ्या मोडक्या जपानीत, शब्दकोश उघडून, हातवारे करून अर्थ सांगायची. ते लगेच पेन्सिलनं त्याचं चित्र काढायचे. चित्र बरोबर असलं की मी मान हलवायची. मला त्यात सुख वाटायला लागलं होतं हे मी घरी सांगितलं नाही. चूक होऊ नये म्हणून पुढची पानं मी आदल्या दिवशी घरी वाचून ठेवायची. तशीच एका मंगळवारी ती ओळ समोर आली.

मापं संपल्यावर इंग्रज दमून थडग्याच्या तोंडाशी बसला होता. डबा उघडून जेवत होता. त्यानं लिहिलं होतं की समोर, अगदी सरळ, दोन टेकड्यांमधल्या खाचेत बर्फानं पांढरा झालेला फुजी दिसत होता, आणि मेलेल्या माणसानं घर निवडताना खिडकीतून काय दिसेल याचा विचार केलेला असावा.

मी कागद खाली ठेवला. रिकाम्या तुकड्यातून फुजी दिसत नाही. तिथून पश्चिमेला इमारत नाही, आमच्याच टेकडीचा खांदा आडवा येतो आणि तो खांदा कोणी नव्यानं आणून ठेवलेला नव्हता. त्या खाचेत फुजी दिसण्याची आमच्या उतारावर एकच जागा होती. मी रोज सकाळी तिथे पिशवी हातात घेऊन उभी असायची.

वहिनी पाय वर घेऊन कोचावर पडली होती. तिला सांगितलं तर ती उठून बसली.

"तू हे वाचून दाखवणार त्यांना?"

मी म्हटलं की वाचायलाच बोलावलंय.

"एक ओळ गाळली तर कोणाला कळते? म्हातारा इतकी वर्षं तिथं हात जोडून राहिला. पोचलं असेल ना जिथं पोचायचं तिथं." वहिनी नागपूरकडची. तिच्या आजोबांच्या शेतात जुन्या दगडांची वर्तुळं होती, तशाच कोणा विसरलेल्या माणसांच्या थडग्यांची. "आमचे आबा त्यात नांगर घालत नव्हते. जाता येता हात जोडत. आता समज, एखाद्या भलत्याच दगडाला जोडले, तर काय होते?"

"काही होत नाही."

"मग?"

"पण खऱ्या जागी कोणी रोज कचरा टाकत असेल तर?"

वहिनीनं पाय कोचावरून खाली सोडले. मग म्हणाली, "हळूच सांग त्यांना. वय आहे."

बुधवारी मी ती ओळ वाचली. अर्थ सांगितला. त्यांनी सवयीनं पेन्सिल उचलली, दोन टेकड्या काढल्या, मधली खाच काढली, खाचेत फुजीचं टोक काढलं, आणि हात थांबला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून तो तुकडा आणि त्यामागचा टेकडीचा खांदा दिसत होता. ते म्हणाले, पुन्हा वाचा. मी वाचलं. त्यांनी चित्राखाली रेघ ओढली आणि म्हणाले, आज एवढं पुरे. लोणचं द्यायला ते विसरले. वहिनीनं माझे रिकामे हात बघितले.

त्यानंतर ते कोपऱ्यावर यायचे थांबले. डब्यांच्या दिवशी बाटल्या आल्या. कावळ्यांनी जाळी उचकटून माशांचे काटे रस्ताभर पसरले. बायका कुजबुजायला लागल्या की ओया-सान आजारी आहेत. मी जिन्यात त्यांच्या दारापाशी थांबायची, आतून रेडिओचा आवाज आला की पुढे जायची. नंतर कळलं की ते देवळाच्या पुजाऱ्यांना भेटायला गेले होते. जुनं देऊळ युद्धात जळलं होतं आणि नवं बांधताना रस्त्यासाठी बरंच वर सरकवलेलं होतं. ओया-सान यांनी सरकलेल्या दारापासून अचूक मोजलं होतं.

मग एका सकाळी, रात्रभर वारा वाहून आकाश धुतल्यासारखं झालेलं असताना, ते कोपऱ्यावर दिसले. टोपी होती, मोजे होते, चिमटा नव्हता. ते चौथऱ्यासमोर, नेहमीसारखे पिशव्यांकडे तोंड करून उभे होते. कुठे बघायचं ते त्यांना माहीत होतं, पण मान वळत नव्हती, असं मला वाटलं. बायका अजून आल्या नव्हत्या. मी पिशवी ठेवली. मी कधी कोणाला आपणहून काही सांगत नाही. त्या दिवशी सांगितलं.

"ओया-सान, मागे बघा."

ते वळले. फुजी होता तिथेच होता, खाचेत, इंग्रजानं लिहिला होता तसा. ते बघत राहिले. लोक त्याच्याकडे बघणाऱ्याला एक मिनिट देतात म्हटलं ना, मी त्यांना त्याहून बरंच जास्त दिलं. मग त्यांनी एक एक करून मोजे काढले, घडी केली, खिशात ठेवले. चौथऱ्याकडे वळून कमरेतून वाकले, आणि वाकलेलेच राहिले. वर आले तेव्हा डोळे कोरडे होते, पण आवाज त्यांचा नव्हता.

"मी इथे इतकी वर्षं लोकांवर ओरडलो," ते म्हणाले. "त्यांच्या दारात."

मी वाकून जाळीचं टोक सरळ केलं. 

कोपरा नगरपालिकेचा होता. तिथे पाटी लावता येत नव्हती, भाताचा गोळा ठेवला तर कावळ्यांनी खाल्ला असता, आणि कचऱ्याच्या चौथऱ्यापुढे गुडघ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्याला लोकांनी दवाखान्यात नेलं असतं. जागा बदला असा त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं की कचऱ्याची गाडी वळू शकेल अशी दुसरी जागा गल्लीत नाही. मी ते पत्र त्यांच्या टेबलावर पाहिलं. त्यावर त्यांनी पेन्सिलनं गाडी काढून, ती वळवून बघितली होती. नगरपालिकेचं बरोबर होतं.

त्यांनी जे करता येत होतं ते केलं. रिकाम्या तुकड्यावरचा दोर सोडला. पुढच्या रविवारी मुलगी भांडायच्या तयारीनं आली आणि भांडायला काही उरलं नाही म्हणून दाराशीच रडली, असं खालच्या मजल्यावरची बाई सांगत होती. कोपऱ्यावर ते पुन्हा रोज येऊ लागले, पण ओरडणं बंद झालं. चुकलेल्या माणसाच्या जवळ जाऊन ते जवळजवळ कानात सांगायचे, देवळात बोलतात तसं. त्याचा परिणाम असा झाला की लोक घाबरून जास्तच नीट वर्गीकरण करायला लागले. रोज सकाळी गाडी गेल्यावर ते बादलीनं चौथरा धुवायचे, खराट्यानं कोपरे काढायचे, आणि धुऊन झाल्यावर थोडं मागे सरून उभे राहायचे. पाठीमागे फुजी असायचा. त्याच्या आणि चौथऱ्याच्या मध्ये आपण येत तर नाही ना, हे ते एकदा वळून बघायचे.

बुधवारची वाचनं संपली होती, तरी मला बोलावलं जायचं. लोणचं पुन्हा मिळायला लागलं. वहिनीनं पहिला तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं याला? ढिलं लागून राहिलं."

मीही खाऊन पाहिलं. पूर्वीचा कुरकुरीतपणा नव्हता. पुढच्या बुधवारी मी पिंपाकडे पाहिलं. त्यावर प्लॅस्टिकचा, स्क्रूनं दाबायचा नवा प्रेस होता. दगड नव्हता. 

वसंतातला तो दिवस-रात्र सारखे होण्याचा आठवडा आला. कोपरा साफ ठेवायची पाळी गल्लीतल्या घरांमध्ये फिरायची, पाळीची लाकडी पट्टी शेजाऱ्यांच्या दारावरून आपल्या दारावर यायची. त्या आठवड्यात ती आमच्या दारावर होती. सकाळी मी खाली गेले. पूर्वी जाळीच्या चारी टोकांना पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधलेल्या असत, कावळे त्या सहज ओढत. आज पश्चिमेकडच्या कडेवर, बरोबर मधोमध, एक चपटा काळसर दगड होता. मी तो उचलायला वाकले तर कोंड्याचा, मिठाचा, मुळ्याचा वास आला. हातात घेतल्यावर तो अपेक्षेपेक्षा खूप जड होता. नेमकं काय म्हणायचं ते मला येत होतं, तेवढं जपानी मी त्या स्वयंपाकघरात शिकले होते. जरा त्रास देते, असं म्हणून मी तो बाजूला ठेवला.

पलीकडच्या इमारतीतल्या बाई पिशवी घेऊन आल्या. ओया-सान बादली घेऊन उभे होते. बाईंनी पिशवी ठेवली, जाळी ओढली आणि दगड परत जागेवर ठेवताना पायानं दाबून पाहिला.

"हा छान आहे," त्या म्हणाल्या. "हलत नाही. कुठून आणलात?"

ओया-सान यांनी बादली खाली ठेवली.

"इथलाच आहे," ते म्हणाले.